कल्हईची भट्टी आणि पाण्यातला हायड्रोजन

(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





आज ज्यांना बक्षिसे मिळाली त्यांचे मी मनापासून अभिनंदन करतो. ज्यांना मिळाली नाहीत त्यांच्याविषयी मला विशेष आपुलकी आहे, कारण मी आज ज्या धातूंविषयी बोलणार आहे त्यांचीही गणती बरीच वर्षे पहिल्या नंबरात होत नव्हती.

विषय आहे पाण्यापासून हायड्रोजन काढण्याचा, आणि त्या कामी मदत करणाऱ्या धातूंचा. विषयाचे नाव ऐकून पालकांनी घाबरून जाऊ नये. सुरुवात मी आपल्या मोहल्ल्यातूनच करणार आहे.

आपल्यातील वडीलधाऱ्यांना कल्हईवाला आठवत असेल. पुण्याच्या पेठांतून आणि कँपातून तो आरोळी देत येई. जमिनीत खड्डा करून, भाता लावून तो भट्टी पेटवी. घराघरांतून तांब्यापितळेची भांडी बाहेर येत. तापलेल्या भांड्यात तो नवसागराची पूड टाकी, जिला आपल्या घरी नौसादर म्हणत. भस्सकन पांढरा धूर निघे. मग कथलाची कांडी फिरवून कापसाच्या बोळ्याने तो भांडे आतून पुसून काढी, आणि काळवंडलेले भांडे चांदीसारखे लखलखे. हा धंदा करणारी पुष्कळ घरे आपल्या समाजातील होती.

आता मला सांगा, त्या भांड्यात कथील किती होते? पत्र्याच्या मानाने काहीच नाही. परंतु आमटी कळकणार की चांगली राहणार, हे त्या पातळ थराने ठरे. भांड्याचे वजन तांब्याचे, पण अन्नाशी संबंध कथलाचा. आणि नवसागर कशासाठी? तापलेल्या धातूवरील मळ आणि गंज निघून जावा, स्वच्छ धातू उघडा पडावा, म्हणजे कथील धरेल. पृष्ठभाग स्वच्छ असल्याखेरीज काम होत नाही, हे शाळेची पायरी न चढलेल्या त्या कारागिराला पक्के ठाऊक होते. आजच्या माझ्या विषयाचा निम्मा भाग एवढ्यातच आला. उरलेला निम्मा आता सांगतो.

पाणी हे हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या संयोगाने बनलेले आहे, हे सातवीआठवीची मुलेही सांगतील. इंग्लंडात विल्यम निकल्सन आणि अँथनी कार्लाइल यांनी १८०० साली पाण्यातून वीज सोडली, तेव्हा एका तारेवर हायड्रोजनचे आणि दुसऱ्या तारेवर ऑक्सिजनचे बुडबुडे आले. यालाच आपण विद्युत अपघटन म्हणतो. ज्या टोकावर हायड्रोजन येतो ते ऋणाग्र, आणि ज्यावर ऑक्सिजन येतो ते धनाग्र.

हा हायड्रोजन कशाला हवा? आज तो मुख्यतः दोन ठिकाणी लागतो, खताच्या कारखान्यांत आणि तेलशुद्धीकरणात. आपल्या रायगड जिल्ह्यातील थळ येथे युरिया बनतो, त्यासाठी लागणारा अमोनिया हायड्रोजनपासूनच तयार होतो. तो हायड्रोजन मात्र पाण्यातून नव्हे, तर नैसर्गिक वायूतून काढला जातो. या रीतीने एक किलो हायड्रोजन बनविताना सुमारे ९ ते १० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. शिवाय आपल्या देशाला लागणाऱ्या नैसर्गिक वायूचा मोठा हिस्सा परदेशातून आणावा लागतो. उलट सूर्याच्या वा वाऱ्याच्या विजेने पाणी फोडले, तर धूर नाही आणि वायूची आयातही नाही. यालाच हरित हायड्रोजन म्हणतात. केंद्र सरकारने ४ जानेवारी २०२३ रोजी राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाला मंजुरी दिली. त्यासाठी १९,७४४ कोटी रुपयांची तरतूद केली, आणि २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन उत्पादनक्षमतेचे उद्दिष्ट ठरविले.

ही कल्पना आपल्या देशाला अगदी नवी आहे असे मात्र नाही. पंजाबात नांगल येथे १९६१ मध्ये खताचा कारखाना सुरू झाला, तो भाक्रा धरणाच्या विजेने पाणी फोडूनच हायड्रोजन मिळवीत असे. आपल्याकडील अनेक वनस्पती तुपाच्या कारखान्यांतही अशाच रीतीने हायड्रोजन बनवीत. पुढे खतउद्योग नाफ्त्याकडे आणि नैसर्गिक वायूकडे वळला, कारण तो मार्ग स्वस्त पडला. तेव्हा प्रश्न ज्ञानाचा नव्हता, पैशाचा होता. आजही तो बऱ्याच अंशी पैशाचाच आहे, आणि नेमक्या याच ठिकाणी धातूंची कथा सुरू होते.

व्यापारी बांधवांना समजेल अशा भाषेत सांगतो. पाणी फोडण्याचा निसर्गाने ठरविलेला किमान भाव आहे १.२३ व्होल्ट. त्याहून कमी दाबाची वीज दिली तर व्यवहार होतच नाही. परंतु एवढा भाव देऊनही माल हाती पडत नाही. प्रत्यक्षात १.८ ते २ व्होल्टपर्यंत मोजावे लागतात. वरची जी रक्कम जाते ती दलालीच म्हणा ना! तिचा काही भाग द्रावणाच्या आणि तारांच्या विरोधात जातो, पण मोठा भाग जातो तो दोन्ही अग्रांच्या पृष्ठभागावर, बुडबुडा तयार होण्याच्या कामी. ही दलाली कमी करणारा जो पदार्थ, तोच उत्प्रेरक. तो स्वतः खर्ची पडत नाही, फक्त व्यवहार सुकर करतो.

ही दलाली थोडी वाटते का? हिशेब करून पाहू. एक किलो हायड्रोजन काढण्यास दर व्होल्टमागे सुमारे २६.६ युनिट वीज लागते. म्हणजे २ व्होल्टवर काम चालले तर ५३ युनिट आणि १.८ व्होल्टवर चालले तर ४८ युनिट. एक दशांश व्होल्ट वाचला तर किलोमागे २.६६ युनिट वाचतात. आता ५० लाख टनांचा हिशेब करा. वर्षाला सुमारे १,३३० कोटी युनिट होतात. युनिटला ५ रुपये धरले तर ६,६०० कोटी रुपयांहून अधिक! एक दशांश व्होल्टसाठी जगातील शेकडो प्रयोगशाळा रात्रंदिवस का झटतात, हे आता आपल्या ध्यानात येईल. विद्यार्थ्यांनी हा हिशेब घरी पुन्हा करून पाहावा. माझ्यावर विश्वास ठेवून स्वस्थ बसू नये.

आता कोणता धातू हे काम चांगले करतो? यामागील तत्त्व फ्रान्सचे पॉल साबात्ये यांनी सांगितले. त्यांना १९१२ साली नोबेल पारितोषिक मिळाले, आणि निकेलच्या साहाय्याने हायड्रोजन जोडण्याची जी क्रिया त्यांनी शोधली तिच्यातूनच पुढे वनस्पती तुपाचा धंदा उभा राहिला. त्यांचे तत्त्व मी मुसाफिरखान्याच्या उदाहरणाने सांगतो. चांगला मुसाफिरखाना कोणता? जेथे प्रवाशाला चटकन जागा मिळते आणि काम झाल्यावर तो चटकन पुढे जातो. जेथे आलेल्या माणसाला दारच उघडत नाहीत तो निरुपयोगी. आणि जेथे आलेला माणूस मुक्काम हलवीतच नाही, तोही निरुपयोगी, कारण नव्या प्रवाशाला जागा कोठून मिळणार? हायड्रोजनचे अणू हे असे प्रवासी. पारा आणि शिसे त्यांना जवळ करीत नाहीत. टंग्स्टन आणि मॉलिब्डेनम त्यांना इतके घट्ट धरतात की सोडत नाहीत. प्लॅटिनम मात्र बेताने धरतो आणि बेताने सोडतो. म्हणून ऋणाग्रासाठी प्लॅटिनम सर्वश्रेष्ठ ठरला. आम्लधर्मी यंत्रातील धनाग्रासाठी इरिडियम श्रेष्ठ, कारण तेथील झीज सोसणारे धातू फारच थोडे आहेत.

परंतु इरिडियम जगात निघतो किती? वर्षाला जेमतेम सात-आठ टन, आणि तोही बहुतांशी दक्षिण आफ्रिकेत, प्लॅटिनमच्या खाणीतील जोडउत्पन्न म्हणून. सोने वर्षाला तीन हजार टनांहून अधिक निघते, यावरून तुलना करा. ज्या इंधनावर साऱ्या जगाची गाडी चालवायची, ते असल्या दुर्मिळ धातूवर कसे उभे राहणार? म्हणून साध्या धातूंकडे वळणे भाग आहे. निकेल, लोखंड, कोबाल्ट, मॉलिब्डेनम. यांपैकी निकेल आम्लात टिकत नाही, पण अल्कलीच्या द्रावणात उत्तम टिकतो. 'अल्कली' हा शब्द मूळचा अरबी आहे, 'अल्-कली' म्हणजे वनस्पतींची राख. आपली 'कल्हई' अरबीतून आली, आणि 'कीमया'ही. आपल्या पूर्वजांनी ज्या शास्त्राला शब्द दिले, त्या शास्त्राच्या वर्गात आपली मुले मागच्या बाकावर बसावीत, किंवा बसूच नयेत, हे मला पटत नाही.

आता साध्या धातूंच्या दोन खऱ्या हकीकती सांगतो.

पहिली मॉलिब्डेनमची. गॅरेजमध्ये काम करणाऱ्या आपल्या मुलांना मॉली ग्रीस माहीत असेल. त्यातील काळी पूड म्हणजे मॉलिब्डेनम आणि गंधक यांचे संयुग. तिचे पापुद्रे एकमेकांवरून घसरतात म्हणून ती वंगणाला उपयोगी पडते. हायड्रोजनच्या कामी ती निरुपयोगी आहे असाच बरेच दिवस समज होता. २००५ मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी गणिताने आणि प्रयोगाने दाखविले की तिच्यात प्लॅटिनमच्या जवळपास जाणारा गुण असू शकतो. २००७ मध्ये पुढील प्रयोगाने सिद्ध झाले की काम पापुद्र्याच्या सपाट भागावर होत नाही, ते होते त्याच्या कडांवर. तेव्हापासून अधिकाधिक कडा उघड्या पडतील अशी पूड बनविण्याची खटपट सुरू झाली. पदार्थ तोच होता. त्याचा कोणता भाग काम करतो हे कोणी पाहिले नव्हते, एवढेच.

दुसरी हकीकत निकेलची, आणि ती मला अधिक प्रिय आहे. अल्कलीच्या द्रावणात निकेलच्या धनाग्रावर ऑक्सिजन चांगला निघतो, असे अनेक वर्षे पुस्तकांत लिहिलेले होते. १९८७ साली अमेरिकेतील डेनिस कॉरिगन यांनी दाखवून दिले की द्रावणात अशुद्धी म्हणून आलेले अत्यल्प लोखंड निकेलच्या थरात शिरते आणि क्रियेचा वेग वाढविते. तरीही या गोष्टीकडे पुरेसे लक्ष गेले नाही. २०१४ साली ऑरिगन विद्यापीठातील संशोधकांनी द्रावण काटेकोरपणे शुद्ध करून पाहिले. लोखंडाचा अंशही नसलेला निकेल या कामी अगदी सामान्य निघाला! म्हणजे वर्षानुवर्षे काम लोखंड करीत होते आणि नाव निकेलचे होत होते. जे लोखंड आपण भंगार म्हणून किलोवर विकतो, त्याची ही कथा. आज निकेल आणि लोखंड यांचा संयुक्त थर हा अल्कलीतील सर्वोत्तम आणि स्वस्त उत्प्रेरकांत गणला जातो.

विद्यार्थी मित्रांनो, या हकीकतीतून काही शिकायचे असेल तर ते हे, की छापलेल्या गोष्टीलाही पुन्हा तपासून पाहावे लागते. आणि येथे मला प्रामाणिकपणाविषयी दोन शब्द सांगितलेच पाहिजेत. स्वस्त धातूचा उत्प्रेरक तपासताना समोरचे अग्र प्लॅटिनमचे वापरण्याची रीत होती. होते काय, की प्लॅटिनम कणाकणाने द्रावणात विरघळतो आणि समोरच्या स्वस्त धातूवर जाऊन बसतो. मग तो स्वस्त धातू दिवसेंदिवस अधिकच चांगले काम करू लागतो, आणि संशोधक आनंदाने जाहीर करतो की मला प्लॅटिनमचा पर्याय सापडला! प्रत्यक्षात काम प्लॅटिनमच करीत असतो. गेल्या काही वर्षांत शास्त्रीय नियतकालिकांनी याविषयी स्पष्ट इशारे दिले आहेत, आणि आता समोर कार्बनचे अग्र वापरण्याचा आग्रह धरला जातो. कल्हईवाल्याने कथलात शिसे मिसळले तर भांडे त्या दिवशी चमकतेच, पण त्या भांड्यातून घराच्या पोटात विष जाते. प्रयोगशाळेतील वही ही अमानत आहे. तिच्यात जे दिसले तेच लिहावे, जे हवे होते ते लिहू नये.

दुसरी अडचण टिकाऊपणाची. प्रयोगशाळेत उत्प्रेरक शंभर तास चालला तरी लेख छापून येतो. कारखान्यात तो ६० ते ८० हजार तास चालावा लागतो, म्हणजे सात ते नऊ वर्षे. सूर्याची वीज तर सकाळी येते, ढग आला की कमी होते, संध्याकाळी जाते. यंत्र रोज सुरू होते आणि बंद होते, आणि त्या प्रत्येक वेळी धातूच्या थरावर ताण पडतो, थर सोलवटतो. निकेलचा मुलामा चढविणाऱ्या कारागिराला विचारा. मुलामा का सोलवटतो, तेजाबाची धुलाई कमी पडली की जास्त झाली, द्रावणात मळ कोठून आला, हे तो नुसत्या नजरेने सांगेल. उत्प्रेरकाचा पातळ थर धातूच्या जाळीवर पक्का बसविणे हे काम त्याच जातीचे आहे. त्यात पुस्तकी विद्येइतकेच हाताचे कसब लागते.

येथवर मी परदेशांची नावे घेतली. आता आपल्या पुण्याकडे वळू. पाषाण रस्त्यावरील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, जिला आपण एन.सी.एल. म्हणतो, तिचे उद्घाटन ३ जानेवारी १९५० रोजी पंडित जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते झाले. उत्प्रेरकांचे संशोधन हे या संस्थेचे जुने वैशिष्ट्य. हायड्रोजनच्या क्षेत्रात तिने केलेले एक काम तर पुण्याच्या रस्त्यावर धावले आहे. पाणी फोडण्याची क्रिया उलटी फिरविली, म्हणजे हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांना उत्प्रेरकाच्या साहाय्याने एकत्र आणले, की वीज मिळते आणि पाणी उरते. या साधनाला इंधन-घट म्हणतात. एन.सी.एल., तामिळनाडूतील कारैक्कुडीची केंद्रीय विद्युत-रसायन संशोधन संस्था आणि पुण्याची केपीआयटी ही कंपनी यांनी मिळून तयार केलेल्या इंधन-घटावर चालणाऱ्या मोटारीची चाचणी २०२० मध्ये झाली, आणि २१ ऑगस्ट २०२२ रोजी पुण्यातच अशा बसचे अनावरण झाले. या घटातही प्लॅटिनम लागतो, आणि त्याचा वापर कमी कसा करावा हाच तेथेही प्रश्न आहे. म्हणजे जो प्रश्न मी आज आपल्यापुढे मांडला, तो सोडविण्याची खटपट आपल्या घरापासून पाच-दहा किलोमीटरवर चालू आहे. एन.सी.एल.च्या शेजारीच आयसर ही विज्ञानशिक्षणाची केंद्रीय संस्था २००६ पासून आहे. बारावी शास्त्र शाखेनंतर प्रवेशपरीक्षा देऊन तेथे जाता येते.

कारैक्कुडीच्या संस्थेची एक गोष्ट येथे जमलेल्या दानशूर मंडळींनी ऐकण्यासारखी आहे. ती संस्था आपल्या गावी यावी म्हणून अळगप्पा चेट्टियार या उद्योगपतींनी ३०० एकर जमीन आणि १५ लाख रुपये दिले. १९५३ मध्ये ती सुरू झाली. त्या दानातून उभ्या राहिलेल्या संस्थेचा हात पुण्यात तयार झालेल्या घटाला लागला, तो सुमारे सत्तर वर्षांनी. शिक्षणाला दिलेला पैसा असा सावकाश उगवतो.

दुसरे उदाहरण डॉ. रघुनाथ माशेलकर यांचे. गोव्यातील माशेल गावचा हा मुलगा लहानपणीच वडिलांना मुकला. आईने मुंबईत कष्ट करून त्याला वाढविले आणि तो नगरपालिकेच्या शाळेत शिकला. मॅट्रिकनंतर शिक्षण थांबण्याची वेळ आली, तेव्हा दोराबजी टाटा न्यासाची महिना ६० रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. तोच मुलगा १९८९ मध्ये एन.सी.एल.चा संचालक झाला, आणि पुढे देशातील अनेक सरकारी वैज्ञानिक प्रयोगशाळांच्या परिषदेचा महासंचालक. याच परिषदेच्या महासंचालकपदी १९६२ ते १९६६ या काळात डॉ. सय्यद हुसेन झहीर हे रसायनशास्त्रज्ञ होते, हेही आपल्या मुलांना ठाऊक असावे.

पालक बंधुभगिनींनो, आता मूळ मुद्द्यावर येतो. दहावीचा निकाल लागला की आपल्या घरांत एक प्रश्न हमखास विचारला जातो: "हा कमावता कधी होणार?" आणि मुलगी असेल तर: "आणखी शिकून काय करायचे आहे?" हे प्रश्न गरिबीतून येतात, त्यांची मी चेष्टा करणार नाही. शास्त्र शाखेला शिकवणीचा खर्च असतो, वेळ लागतो, आणि दुकानाला वा गॅरेजला आज एक हात हवा असतो. मी असेही म्हणणार नाही की हायड्रोजनच्या धंद्यात नोकऱ्या रांगेत उभ्या आहेत. हे क्षेत्र अजून घडते आहे. लहान मोटारींसाठी सरळ बॅटरी अधिक किफायतशीर आहे. हायड्रोजनची खरी जागा खत, पोलाद, तेलशुद्धीकरण अशा ठिकाणी आहे. कोणी दोन वर्षांत श्रीमंतीचे वचन देऊन फी मागू लागला, तर त्याच्यापासून दूर राहा.

माझे सांगणे एवढेच की हात आणि विद्या यांची ताटातूट करू नका. ज्या घरात कल्हई होती, मुलामा होता, वेल्डिंग आहे, लेथ आहे, त्या घरातील मुलाला धातूची जी ओळख असते ती इतरांना पुस्तकातून मिळवावी लागते. त्या ओळखीवर रसायनशास्त्राची जोड मिळाली तर तो कोठल्या कोठे जाईल! सर्वांनीच आयसरला जावे असे नाही. आय.टी.आय.मध्ये रासायनिक कारखान्यात काम करणाऱ्यांचा अभ्यासक्रम आहे, तंत्रनिकेतनात केमिकल इंजिनिअरिंगची पदविका आहे, बी.एस्सी. आहे. परंतु दहावीला गणित आणि विज्ञान यांत बऱ्यापैकी गुण असताना केवळ भीतीपोटी शास्त्राचे दार बंद करू नका, आणि मुलींच्या बाबतीत तर मुळीच नको. अणू पकडणारा हात कोणाचा आहे हे धातूचा पृष्ठभाग पाहत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांला एक गृहपाठ देऊन जातो. तो शाळेत, शिक्षकांच्या देखरेखीखाली, खिडक्या उघड्या ठेवूनच करावा. काचेच्या पेल्यात पाणी घ्या आणि त्यात चमचाभर धुण्याचा सोडा विरघळवा. मीठ घालू नका, कारण मिठाने क्लोरीनसारखा विषारी वायू निघू शकतो. दोन्ही टोके तासलेल्या दोन पेन्सिली पाण्यात उभ्या करा, आणि वरच्या टोकांना तारा लावून दीड व्होल्टचा एक सेल जोडा. बुडबुडे जवळजवळ दिसणार नाहीत. आता दोन सेल एकामागे एक जोडा, बुडबुडे येतील. मग ऋण टोकाची पेन्सिल काढून तेथे घासून स्वच्छ केलेला लोखंडी खिळा लावा आणि फरक पाहा. घरातील विजेच्या बटणाला हात लावू नका, वायू बाटलीत कोंडू नका आणि काडी ओढू नका. जे दिसेल ते वहीत तारीख घालून लिहा. माझे म्हणणे खोटे ठरले तर तेही लिहा.

एका सेलवर क्रिया का अडते आणि खिळ्याने काय बदलते, हा प्रश्न तुमच्या मनात खरोखर उभा राहिला, तर तुम्ही पाषाणच्या प्रयोगशाळेच्या दारापर्यंत पोहोचलातच असे समजा. दर वर्षी २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन असतो. त्या निमित्ताने पुण्यातील अनेक संशोधनसंस्था सर्वसामान्यांसाठी आपली दारे उघडतात. शिक्षकांना माझी विनंती आहे की येत्या वर्षी निदान एक वर्ग तेथे घेऊन जावा. आणि पालकांना विनंती आहे की त्या दिवशी मुलाला दुकानावर बसवू नये.

आपल्या धर्मात पहिला आदेश वाचण्याचा आला, असे आपण मुलांना अभिमानाने सांगतो. आता वाचण्याबरोबर तपासून पाहण्याचीही सवय त्यांना लावू या. कल्हईची भट्टी विझली, स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांनी तो धंदा संपविला. पण पातळ थराची आणि स्वच्छ पृष्ठभागाची ती विद्या संपलेली नाही. तिने फक्त जागा बदलली आहे, आणि त्या नव्या जागी आपली मुले असावीत एवढीच माझी इच्छा आहे.